चार इंच की पाच इंच: क्रॅश बॅरियरच्या टोकाचं एक प्रकरण

अमेरिकेत २००५ साली एका लोखंडी पन्हाळीची रुंदी पाच इंचांवरून चार इंचांवर आली. ही पन्हाळ महामार्गाच्या कडेच्या क्रॅश बॅरियरच्या टोकाला बसते आणि धडकेच्या क्षणी पत्र्याच्या पट्टीला नीट रांगेत आत घेते. नमुन्याला मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याला हा बदल कळलाच नाही. तो उजेडात यायला जवळजवळ सात वर्षं गेली आणि तोवर असे हजारो नग रस्त्यांवर उभे राहिले होते. पुढे खटला झाला, ६६ कोटी ३४ लाख डॉलरचा हुकूमनामा निघाला आणि तो वरच्या न्यायालयात रद्दही झाला. मधल्या काळात सरकारने आठ चाचण्या घेऊन नग उत्तीर्ण ठरवला, तरी अनेक राज्यांनी तो बसवणं बंद केलं.

‘ईटी-प्लस’ या नावाने हे प्रकरण ओळखलं जातं. कोण जिंकलं आणि कोण हरलं यापेक्षा मला त्यातली मापं महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे बॅरियर धावत्या मीटरवर मोजला जातो आणि मीटरवरच त्याचं बिल निघतं. त्याच्या टोकाला काय आहे हे फारसं कुणी विचारत नाही. माणसाचा जीव मात्र अनेकदा त्या टोकाशीच अडतो.

पट्टी गाडीला कशी वळवते

टोकाकडे जाण्याआधी मधल्या पट्टीचं काम समजून घ्यायला हवं, कारण टोकाची सगळी अडचण तिथूनच उगवते.

बॅरियर गाडीला अडवतो असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर तो गाडीला वळवतो. गाडी तिरकी येऊन आदळली की पट्टी मागे सरते, ताणली जाते, आणि त्या ताणामुळे गाडीचं नाक हळूहळू रस्त्याला समांतर होतं. पट्टी असते जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. दुहेरी नागमोडी घडीमुळे तिला ताठपणा येतो, पण तिचं खरं बळ ताणात आहे. दोन्ही टोकांना ती जमिनीत पक्की नांगरलेली नसेल, तर धडकेत ती नुसती ढिली पडून मागे जाते आणि गाडीही तिच्यामागून जाते.

खांबाबद्दलचा गैरसमज तर फार पसरलेला आहे. खांब हलताच कामा नये असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो मातीत मागे कलंडायला हवा, कारण धडकेची बरीचशी ऊर्जा ती माती दाबण्यात खर्च होते. म्हणून तो यंत्राने ठोकून बसवतात आणि त्याच्यामागे साइडपट्टीची पुरेशी रुंदी ठेवतात. भरावाच्या अगदी काठावर ठोकलेल्या खांबाला मागून मातीचा आधारच नसतो. उलट, खांबाभोवती काँक्रीट ओतून तो ‘पक्का’ केला तर तो मातीत कलंडू शकत नाही. तिथेच वाकतो किंवा तुटतो आणि गाडी त्या जागी अडकते. हे काम बहुधा चांगल्या हेतूनेच केलेलं असतं, आणि नेमकं त्यामुळेच ते तपासणीत सुटतं.

खांब आणि पट्टी यांच्यामध्ये जो आखूड तुकडा असतो, त्याला आपल्याकडे स्पेसर म्हणतात. त्याची कामं दोन. गाडीचं चाक खांबात अडकू नये म्हणून तो पट्टीला पुढे धरतो, आणि खांब मागे कलंडू लागला तरी पट्टीची उंची फारशी घसरू देत नाही. पट्टी खांबाला धरणारा बोल्ट लांबट छिद्रातून जातो. अमेरिकी नमुन्यात त्या बोल्टाच्या डोक्याखाली मोठा चौकोनी वॉशर घालत नाहीत, कारण खांब खाली जाऊ लागला की पट्टी त्याच्यापासून सुटली पाहिजे. सुटली नाही तर खांब तिलाही खाली ओढतो आणि गाडी वरून पलीकडे जाते.

उंचीचा प्रश्नही याच धाग्यातला. ईटी-प्लसच्या काळात अमेरिकेत पट्टीच्या वरच्या कडेच्या दोन उंची चालत होत्या, सुमारे ७०५ मिलिमीटर आणि नंतर आलेली ७८७ मिलिमीटर. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत ७० सेंटिमीटर येते: १.८ मीटरचा खांब, त्यातला १.१ मीटर जमिनीत, आणि दर दोन मीटरवर एक खांब. आता रस्त्यावर पाच सेंटिमीटरचा नवा डांबरी थर चढवा आणि बॅरियर तसाच ठेवा. तो ६५ सेंटिमीटरवर येतो. तिसऱ्या डांबरीकरणानंतर काय उरतं ते वाचकाने कुठल्याही जुन्या राज्य महामार्गावर टेप लावून पाहावं.

मागे मोकळी जागाही लागते. १०० किलोमीटर वेगाच्या, २५ अंशांत आदळणाऱ्या पिकअपच्या चाचणीत अशी पट्टी मीटरभर मागे जाते. त्या मीटरभरात झाड, विजेचा खांब किंवा पुलाचा कठडा आला, की पट्टी असून नसल्यासारखी.

टोकाचं कोडं

पट्टीला ताण हवा, म्हणून टोक नांगरलेलं हवं. पण तेच टोक समोरून येणाऱ्या गाडीच्या थेट वाटेत उभं असतं. बाजूने धडक बसली तर ते हलता कामा नये, समोरून बसली तर ते अडता कामा नये. एकाच वस्तूकडून या दोन उलट अपेक्षा आहेत, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांतला टोकांचा सारा इतिहास त्या दोन्ही एकत्र जुळवण्याच्या खटपटीचा आहे.

सुरुवातीला टोक उघडं सोडत. समोरून गाडी आदळली की पट्टी रेडिएटर फोडून आत शिरे आणि पार डिकीपर्यंत जाई. मग टोक पिळून जमिनीत गाडायची युक्ती निघाली. टेक्सासमध्ये ती इतकी रुळली की तिला त्या राज्याचंच नाव चिकटलं. पट्टी आत शिरायची थांबली, पण उतरत्या पट्टीवर चाक चढून गाड्या हवेत उडू लागल्या आणि उलटू लागल्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या जलद महामार्गांवर असं टोक नव्याने बसवणं बंद झालं. मधल्या काळात तुटणारे लाकडी खांब आणि तारदोराचा नांगर असलेलं टोक आलं. ते रस्त्यापासून बाहेर वळवून बसवलं तर बरं चाले, पण तसं वळण प्रत्यक्षात नीट दिलं जात नसे.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेगळी कल्पना आकाराला आली. पट्टीच्या टोकावर एक जड लोखंडी डोकं बसवायचं. गाडी डोक्यावर आदळली की डोकं पट्टीवरून मागे सरकत जातं. सोऱ्याला पीठ भरून दाबलं की शेव बाहेर पडते, तसं या डोक्याच्या अरुंद गळ्यातून नागमोडी पट्टी चपटी होत जाते आणि गाडीपासून दूर, रस्त्याच्या उलट बाजूला कुरळी होऊन बाहेर पडते. पत्रा चपटा करायला आणि वाकवायला लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातून जाते. पहिले खांब मुद्दाम कमकुवत असतात, ते तुटतात. पहिल्या खांबाच्या बुडापासून पट्टीपर्यंत गेलेला तारदोर बाजूच्या धडकेत पट्टीला ताण देतो, आणि समोरच्या धडकेत पहिला खांब तुटताच सुटून जातो. टोकाचं कोडं अशा रीतीने खरोखर सुटलं. या नमुन्याचं नाव ईटी-२०००. त्याने जीव वाचवले यात शंका घ्यायचं कारण नाही, आणि या प्रकरणातल्या दोन्ही बाजू तेवढ्यापुरत्या एकमताच्या होत्या.

पेटंट विद्यापीठाकडे होतं, उत्पादनाचा परवाना डॅलसच्या ट्रिनिटी इंडस्ट्रीज या कंपनीकडे. २०००च्या जानेवारीत फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने, याची हलकी आवृत्ती मान्य केली. तिचं नाव ईटी-प्लस.

एक इंच

डोक्याच्या मागच्या बाजूला, पट्टीला गळ्यापर्यंत आणणाऱ्या दोन पन्हाळी असतात, वर एक आणि खाली एक. त्यांची रुंदी पाच इंच होती. २००५ मध्ये ती चार इंच केली गेली. पन्हाळ अरुंद झाल्याने डोकं पट्टीवर कमी डगमगेल, असं कंपनीचं तांत्रिक म्हणणं होतं. खटल्यात कंपनीचे अंतर्गत ईमेलही समोर आले. त्यांत या बदलाने दर नगामागे दोन डॉलर आणि वर्षाला सुमारे ५० हजार डॉलर वाचतील, असा हिशेब होता.

त्याच वर्षी चार इंची डोक्याची एक चाचणी झाली आणि तिचा अहवाल महामार्ग प्रशासनाला गेला. त्यात रुंदीतल्या बदलाचा उल्लेख नव्हता. तो अनवधानाने राहिला, असं कंपनीने नंतर सांगितलं. प्रशासनाने मान्यतेचं पत्र दिलं, राज्यांनी खरेदी चालू ठेवली. चाचणी घेणारी संस्था ज्या विद्यापीठाची, त्याच विद्यापीठाला विक्रीतून स्वामित्वधन मिळत होतं. यात कुणी काही गैर केलं असं मला म्हणायचं नाही. पण जिथे शोधणारा, तपासणारा आणि कमावणारा एका छपराखाली येतात, तिथे बाहेरच्या माणसाने नग हातात घेऊन मोजण्याची सोय असायलाच हवी. ती नव्हती.

मोजलं ते एका प्रतिस्पर्ध्याने. व्हर्जिनियातल्या जोशुआ हार्मन यांचा स्वतःचा याच धंद्यातला उद्योग होता आणि ट्रिनिटीशी त्यांचा पेटंटचा वाद चालू होता. अपघाताच्या जागा फिरून त्यांनी अडकलेली डोकी पाहिली, मापं घेतली, आणि २०१२ मध्ये प्रशासनापुढे मांडली. त्यांचा आरोप असा की अरुंद पन्हाळीमुळे पट्टी गळ्यात अडकते. अडकली की डोकं पट्टीवरून सरकायचं थांबतं, पट्टी मध्येच दुमडते, आणि दुमडलेला कोपरा गाडीच्या दारातून आत शिरतो. ज्या धोक्यासाठी हे डोकं जन्माला आलं, तोच धोका त्यातून परत यावा, इतका हा आरोप गंभीर होता.

तक्रारदाराचा स्वार्थ उघड होता. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीत वाटा देणाऱ्या फॉल्स क्लेम्स कायद्याखाली त्यांनी टेक्सासमधल्या मार्शल गावच्या संघीय न्यायालयात दावा लावला. पण स्वार्थी माणसाने धरलेली मोजपट्टीही चार इंच असेल तिथे चारच दाखवते. बदल झाला होता आणि तो कळवलेला नव्हता, हे कंपनीनेही नाकारलं नाही. वाद उरला तो त्याचा परिणाम काय यावर.

न्यायालय आणि चाचणीचं मैदान

जून २०१४ मध्ये महामार्ग प्रशासनाने लेखी कळवलं की ईटी-प्लसची मान्यता कायम होती आणि आहे. जुलैतली पहिली सुनावणी अर्धवट रद्द झाली. ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने कंपनीच्या विरोधात कौल दिला: नुकसान साडेसतरा कोटी डॉलर, कायद्यानुसार त्याची तिप्पट, वर दंड. जून २०१५ च्या अंतिम हुकमात रक्कम ६६ कोटी ३४ लाख झाली. ज्यूरीच्या कौलानंतर काही दिवसांतच कंपनीने नगांची विक्री थांबवली आणि प्रशासनाने नव्या चाचण्यांचा आदेश दिला.

त्या आठ चाचण्या डिसेंबर २०१४ आणि जानेवारी २०१५ मध्ये सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये झाल्या, चार कमी उंचीवर आणि चार जास्त उंचीवर. आठही उत्तीर्ण झाल्या. शेवटच्या चाचणीत छोट्या मोटारीचं चालकाकडचं दार बरंच आत दबलं आणि त्यावरून टीका झाली. त्या दबण्याने चालकाला गंभीर इजा झाली नसती, असा निष्कर्ष प्रशासनाने काढला. ‘चाचणीतले नग निवडून घेतलेले होते का’ या शंकेसाठी वेगळं पथक नेमलं गेलं. त्याने निरनिराळ्या राज्यांत रस्त्यावरचे हजाराहून अधिक नग मोजले आणि चाचणीतले नग त्यांचं प्रतिनिधित्व करतात, असं सांगितलं.

दुसऱ्या बाजूला बर्मिंगहॅममधल्या अलाबामा विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास होता. दोन राज्यांच्या अपघातांवरून त्यात ईटी-प्लसच्या धडकेत मृत्यूचा धोका जुन्या ईटी-२००० च्या तुलनेत २.८६ पट दिसला. टोकावरच्या जीवघेण्या धडका मुळात विरळ असतात, म्हणून असे आकडे थोड्या घटनांनीही वरखाली होतात. तरी ते बाजूला सारावेत असं मला वाटत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये अपील न्यायालयाने हुकूमनामा रद्द केला. कारण समजून घेण्यासारखं आहे. सरकारला सगळं कळल्यानंतरही ते पैसे देत राहिलं, म्हणजे लपलेली बाब पैसे देण्याच्या निर्णयाला निर्णायक नव्हती, आणि तसं असेल तर या कायद्याखालची फसवणूक सिद्ध होत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. फसवणुकीच्या कायद्याचा प्रश्न तिथे संपला. चार इंची डोकं रस्त्यावर सुरक्षित आहे का, याचं उत्तर त्या निकालातून मागता येत नाही, कारण न्यायालयापुढे प्रश्नच तो नव्हता. २०२२ मध्ये मिझुरीतल्या स्थानिक संस्थांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि तिथले चार इंची नग काढून बदलण्याचा खर्च कंपनीने सोसायचं ठरलं.

चाचणीत नसलेला रस्ता

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद न्यायालयाचा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये राज्यांचे आणि प्रशासनाचे अभियंते एकत्र असलेल्या पथकाने दुसरा अहवाल दिला. त्यात एकाच उत्पादनाऐवजी अशा सगळ्या सरकत्या टोकांचे खरे अपघात पाहिले होते. डोक्याच्या कोपऱ्यावर अगदी लहान कोनात बसलेली धडक, आडवी घसरत येऊन दाराने डोक्यावर आदळलेली गाडी, चुकीची बसवणी: अशा प्रसंगांत ही टोकं कमी पडतात, हे त्या अभ्यासातून दिसलं. ठरलेल्या चाचण्यांच्या यादीत यातले कित्येक प्रसंग नव्हतेच.

चाचणीचं मैदान सपाट असतं. माती ठरावीक प्रकारची, ठरावीक दाबाची. नग कारखान्यातून आलेला, बसवणारे जाणकार. रस्त्यावर तोच नग उताराच्या काठावर, फरशीबंद कडेच्या मागे किंवा आधीच्या धडकेत निम्मा वाकलेला असतो. म्हणून बसवणीत काही गोष्टींना पर्याय नाही. सरकत्या टोकामागची जमीन मोकळी आणि सपाट लागते, कारण पहिल्या दोन-तीन खांबांपाशी बसलेल्या तिरक्या धडकेत टोक गाडीला वळवत नाही, तिला आरपार मागे जाऊ देतं. पूर्ण संरक्षण साधारण तिसऱ्या खांबापासून सुरू होतं. म्हणजे खड्डा किंवा पुलाचा खांब वाचवायचा असेल तर बॅरियर त्याच्या पुष्कळ आधी सुरू व्हायला हवा. तुटणाऱ्या खांबाचा जमिनीत राहणारा भाग १०० मिलिमीटरपेक्षा वर आला तर गाडीचं बूड त्यावर अडकतं. तारदोर ढिला असेल तर बाजूच्या धडकेत नांगरच नाही. एका कंपनीचं डोकं आणि दुसऱ्या कंपनीचे खांब जोडले, तर तो कुणीच कधीच न तपासलेला तिसरा नमुना तयार होतो.

जोडाच्या ठिकाणी येणाऱ्या वाहतुकीकडची पट्टी वर आणि पुढची तिच्याखाली, प्रत्येक जोडाला आठ बोल्ट. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरीही दुरुस्तीच्या वेळी उलटा जोड पडतो, आणि मग प्रत्येक जोडाची उघडी कड गाडीच्या दिशेला येते.

आपल्या रस्त्यांवर

आपल्याकडे ईटी-प्लसचा खटला होण्याचं कारण नाही. आपला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची बॅरियरविषयीची ११९ क्रमांकाची मार्गदर्शक तत्त्वं २०१५ पासून आहेत. तरी घाटातून किंवा बाह्यवळणावरून जाताना अजूनही फिशटेलचा (माशाच्या शेपटीच्या आकाराचा) पत्रा लावलेलं उघडं टोक दिसतं, नाहीतर जमिनीत पुरलेलं टोक दिसतं. पहिलं गाडीत शिरतं, दुसरं गाडीला वर चढवतं. अमेरिकेने ही दोन्ही टोकं माणसं गमावून सोडली. त्यानंतरचा त्यांचा वाद एका इंचाचा होता. आपण मात्र अजून त्या दोन टोकांपाशीच थांबलो आहोत, आणि तिथून पुढे जायला नव्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.

जिथे भूरचना साथ देते तिथे टोक वळवून डोंगराच्या कापात नीट नांगरता येतं. त्यात सरकतं डोकं लागत नाही आणि पैसेही कमी लागतात, फक्त त्याआधीच्या गटारामुळे पट्टीखाली मोठा खड्डा राहू नये. पुलापाशी पट्टी थेट काँक्रीटच्या कठड्याला जोडून, जोडाआधी खांब जवळजवळ घेऊन ताठपणा वाढवत नेला, तर पुलाकडचं टोकच उरत नाही. उरलेल्या जागी, समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या तोंडावर, चाचणी झालेलं टोक लागेल.

ते मागवताना निविदेत टोक ही स्वतंत्र बाब हवी, नगावर मोजलेली, धावत्या मीटरमध्ये विरघळलेली नको. तिच्यासोबत चाचणी अहवाल आणि त्याच आवृत्तीचं मापांसह रेखाचित्र हवं. माल साइटवर आला की पन्हाळीची रुंदी, गळ्याची फट, खांबांची छिद्रं आणि तारदोराची जाडी कनिष्ठ अभियंत्याने रेखाचित्राशी ताडून नोंदवहीत लिहावी. पुढचं डांबरीकरण झालं की उंची पुन्हा मोजून तिचीही नोंद त्याच वहीत करावी.